उम्म अल कुवैनचे मिकमॅक

"मिकमॅक कौन है?" कुरियन सर फोन हातात धरूनच माझ्या टेबलापाशी आले. "क्लायंट पूछ रहा है, ये कौन सा कबीला है और उसके रोड पे क्यों सोया है? म्युनिसिपालिटी ने काम रोक दिया!"

रिपोर्ट मी बनवलेला.

बनवलेला कसला, टाइप केलेला. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. नाव मोठं, काम फायलींना नंबर टाकायचं. बारावी नापास, टायपिंग पास, तेवढ्यावर दुबईत लागले. कुठे रस्ता काढायचा असला की तिथे जुनं काय आहे, त्याचं मोल किती, ते आमचं ऑफिस लिहून द्यायचं. त्याला म्हणायचे हेरिटेज व्हॅल्यू. लो लिहिलं की रस्ता सरळ जातो. हाय लिहिलं की थांबतो.

आमचे क्लायंट जासिम साहेब. दुबईपलीकडे उम्म अल कुवैनला त्यांच्या व्हिलांच्या रस्त्यात एक छोटं कब्रस्तान निघालं, तिथल्या जुन्या कोळ्यांचं. वीस-बावीस दगड, एकावरही नाव नाही. फोटो काढायला मीच गेलेले. एक कबर तर एवढीशी, की माझी केजीतली सई तिथे झोपली तर पाय बाहेर येतील. कसाबसा फोटो काढला नि पळत गाडीत येऊन बसले.

मग सरांनी एक जुना रिपोर्ट दिला, आधीच्या साहेबांनी कॅनडाहून आणलेला. तिकडचे मूळचे लोक मिकमॅक, त्यांच्या अशाच छोट्या कब्रस्तानाचा. "नाम बदलो, फोटो बदलो, हाय का लो करो. यल्ला, जल्दी." मी फाइंड-रिप्लेस मारलं. मला काय माहीत, त्या लोकांच्या नावाची स्पेलिंगं दोन, एक नवीन नि एक जुनं? नवीन सगळीकडे बदललं. जुनं एका पानावर राहिलं, आणि त्याच पानावर हाय पण राहिलं. खाली लिहिलेलं, जागा लहान म्हणून तिचं मोल लहान होत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय इथला दगडही हलवू नये.

"साइन करो," फोन ठेवून सरांनी म्युनिसिपालिटीला द्यायचा कागद पुढे केला. त्यात लिहिलेलं, हाय ही टायपिंग मिस्टेक. माझी.

"सर, नोकरी?"

"पहले साइन."

नवऱ्याला अबू धाबीकडच्या रुवैसच्या कंपनीनं बिनपगारी घरी बसवलेलं. दुबईतल्या देरा भागातली खोली माझ्या पगारावर. नोकरी गेली की पोरीला घेऊन थेट गाव. सही केली. घरी जेवताना सई म्हणाली, "मम्मा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?"

कागद मोठ्या साहेबांच्या शिक्क्यासाठी पडून राहिला. तेवढ्यात मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, बँकेनं हात वर केले. तीन आठवड्यांनी जासिम साहेब स्वतः ऑफिसात. मी मनात बॅग भरली.

"हबीबी, वो हाय बहुत अच्छा था," ते सरांना म्हणाले.

"सर, वो तो मिस्टेक..."

"कैसा मिस्टेक? व्हिलावालों को क्या बोलूँ, पैसा खलास? बोलूँगा बुजुर्गों की कबर है, हम इज्जत करते हैं." मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, व्हेरी हाय होता है क्या?"

पहिला कागद फाटला. दुसरा आला. त्यात लिहिलं होतं, हाय बरोबर, बाकी पानांवरचं लो हेच चुकीचं. टायपिंग मिस्टेक. माझीच.

"सर, एका शब्दात दोन मिस्टेक?"

"तुम्हारा टायपिंग वीक है."

मिकमॅक काढले, कोळी घातले, हाय ठेवलं. रस्ता झाला नाही, कबरी जागेवर आहेत. माझी नोकरी आणखी पाच महिने टिकली, मग ऑफिसच बंद झालं.

शिकले एवढंच, की कोणाचंही नाव पुसण्याआधी त्याची सगळी स्पेलिंगं बघावीत.

दुसऱ्या कागदावर मी हसत सही केली, ते जाऊ दे. पण तो पहिला कागद! ती एवढीशी कबर बघून आल्यावर मी तो साइन केला, वाचूनसुद्धा. खोली तुमच्या पगारावर असती, पोर केजीत असती, तर तुम्ही केली नसती सही? खरं सांगा.