क्लचवरचा पाय

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. मोजता येतं तेवढंच खरं, असं मानणारा माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण किळस त्याहून जास्त आहे, म्हणून लिहितोय.

बारामतीत माझा एक ट्रक आहे, सेकंडहँड घेतलेला. पशुखाद्याची पोती इंदापूर, बावड्याकडे नेतो. ड्रायव्हर सोपानतात्या, पन्नाशी उलटलेले. गाडीत देवाचा फोटो असतो म्हणून आमच्याकडचे बरेच ड्रायव्हर चपला सीटखाली सारून अनवाणी चालवतात. तात्याही तसेच. पण त्या भेगाळलेल्या टाचा, त्यांत शेणमाती, आणि त्याच पायांनी पेडल दाबायचं... मला बघवायचं नाही. मी बूट आणून दिले आणि सक्तीच केली.

त्यानंतर क्लच प्लेट जळाली. नवी टाकली, तीही जळाली.

"तात्याचा पाय क्लचवरनं निघत न्हाय," दिलीप मेस्त्रीनं जळकी प्लेट माझ्या नाकापुढं धरली. "अर्धा दाबून चालवलं की प्लेट घसरती, मग जळती. घ्या वास!"

"माझा पाय बाजूला असतोय," तात्या म्हणाले.

"मग काय माझा असतोय व्हय, हितं गॅरेजात बसून?"

सगळे हसले. उभं आयुष्य स्टिअरिंगवर काढलेला माणूस खाली बघत राहिला. मी बजावलं, "तात्या, आणखी एक प्लेट गेली तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

नवी प्लेट बसल्यावर मी स्वतः पट्टी लावून पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला जाणारी मोकळी चाल, मोजला. बरोबर होता. हँडब्रेक ओढून, टॉप गिअर टाकून तात्यांना क्लच सोडायला लावला. इंजिन गचकन बंद पडलं, म्हणजे प्लेट घट्ट धरत होती. आता चूक निघाली तर ती तात्यांचीच. ती पकडायला मी दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलो.

काटेवाडी मागे पडली. भर दुपार. माझी नजर तात्यांच्या डाव्या बुटावर — तो पेडलच्या बाजूला, खाली टेकलेला. कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि इंजिनचा आवाज एकदम चढला, गाडी मात्र ओढेना. तोच जळका वास आला. बघतो तर पेडल दोन बोटं खाली गेलेलं... आणि बूट जागचा हललेला नाही!

वाटलं, स्प्रिंग अडकली असेल. वाकून पेडल वर ओढायला हात घातला.

हाताला पेडलचं रबर लागलंच नाही. वर पाय होता. दिसत काही नव्हतं, पण पाय होता — गरम, घामानं चिकट. बोटं जाड, वाढलेल्या नखांवर पडली. हात मागे सरकवला तर टाचेच्या भेगा खरखरल्या आणि त्यांतलं ओलसर काहीतरी तळव्याला चिकटलं. मग ती पायाची बोटं माझ्या मनगटाजवळ हलली.

मी खिडकीतून बाहेर ओकलो.

तात्यांनी गाडी कडेला घेतली. "लागला का हाताला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्यापास्नं. अनवाणी असलो की आपला आपण बाजूला व्हतोय. बूट घातला की दाबून बसतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू, भाऊ? मेस्त्री दात काढतोय. तुमी पट्टी घेऊन हिंडताय."

मी एवढंच म्हणालो, "बूट काढा."

त्यांनी काढले. उघडा पाय पेडलवर ठेवला, गिअर टाकला... गाडी पुलावरून सरळ पलीकडे गेली. तीच प्लेट आजही चालू आहे.

गॅरेजात मी सगळ्यांसमोर सांगितलं, पाय तात्यांचा नव्हता. "मग कुणाचा?" मेस्त्रीनं विचारलं. तेच शोधायला ज्याच्याकडून ट्रक घेतला त्यालाही विचारून आलो. म्हणाला, "ड्रायव्हर ठेवलाच नव्हता. मीच चालवायचो, बूट घालून. क्लचला कधी हात लावावा लागला नाही." म्हणजे आधीच्या एखाद्या अनवाणी ड्रायव्हरचा पाय म्हणावा, तर तेही जुळत नाही.

तात्या माझ्याच गाडीवर आहेत, अनवाणी. मी केबिनमध्ये चढत नाही. उजवा हात साबणानं, राखेनं, डिझेलनंसुद्धा धुतला. वास गेला. पण घास घ्यायला बोटं जुळवली की त्या भेगा अजून तळव्याला लागतात.

बायको विचारते, भाकरी कुणी चमच्यानं खातं का?

मी खातो.