तांब्याचं भांडं घरात नको

वॉर्डातले किस्से जुन्या केसपेपरसारखे साचत जातात. फेकवत नाहीत, आणि पुन्हा उघडायची हिंमतही होत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरात हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर होतो. त्या वेळचे आम्ही चार डॉक्टर चहाला बसलो की अजूनही कुणीतरी हटकून कुसुमचा विषय काढतंच.

कोराडीच्या वीज केंद्रातल्या फिटरची ही सतरा वर्षांची पोरगी. मान एका बाजूला पिळलेली, हातपाय लाकडासारखे ताठ, बोलणं बंद. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सरांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बुबुळाभोवती तपकिरी कडं! अन्नातलं तांबं शरीराबाहेर न जाता लिव्हरमध्ये, मेंदूत साचत जातं, असा हा आईबापांकडून आलेला आजार. मग आम्ही चौदा जणांनी ओळीने टॉर्च मारून ते कडं पाहिलं. पंधराव्याचा हात आईने धरला. "डोये हायेत जी तिचे, सिनेमा नाही!"

*

सरांनी बजावलं, "तांब्याचं भांडं घरात नको." बापाचा चेहराच उतरला. पोरगी वाळत चालली म्हणून तोच वर्षभर तिला रोज तांब्याच्या गडूतलं पाणी पाजत होता. "तब्येतीले चांगलं असते म्हून..." एवढंच बोलला. आजार त्या पाण्याने झालेला नाही, हे सरांनी त्याला चारदा सांगितलं. त्याला पटलं नाही.

*

आई मात्र पक्की! आठवड्याने येऊन सरांना म्हणाली, "समदं तांबं मोडीत टाकलं जी. देवाले स्टीलच्या ताटलीत आंघोय घालून राहिली." सर पोट धरून हसले. त्यांना हसताना आम्ही तेव्हा शेवटचं पाहिलं.

*

तांबं बाहेर काढणारी गोळी परदेशातून यायची. सरांनी ओळखीपाळखी लावल्या, तरी पाच महिने गेले. गोळी आली त्या दिवशी आम्ही वॉर्डात पेढे वाटले! तीन आठवड्यांत कुसुम आणखी ताठली, जबडा आवळला. या गोळीने कधी कधी असंही होतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं. बाप रोज विचारायचा, "गोयी उलटी बसली का जी?" त्या पेढ्यांची मला आजही लाज वाटते.

*

एका दुपारी सरांनी कुसुमची नाडी पाहिली आणि नुसती मान हलवली. आई रडली नाही. तिने पिशवीतून एक इवलासा सीलबंद गडू काढला. सासूने काशीहून आणलेलं गंगाजल. सील फोडलं, गडू लेकीच्या ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबली. सरांकडे वळून तिने हळूच विचारलं,

"तांब्याचा हाये जी. चालन का?"