बोटभर दबला पायजे

वैनीचा फोन तीनदा आला आणि तीनदा मी तो खिशातच दाबून गप केला. निपाणीत एका मंडळाच्या दुपारच्या कार्यक्रमात स्टेजवर उभा होतो मी, मिमिक्री अर्ध्यावर आलती. सीमेपर्यंत कन्नडात ओरडणारा आणि सीमा ओलांडली की मराठीत "पुढं सरका" म्हणणारा कंडक्टर करूलालतो. माणसं पोट धरून हसूलालती. मला वाटलं, अण्णाच असणार वैनीच्या मोबाईलवरनं, "गाडी सावलीत लावलास काय रं?" म्हणून विचारायला. कारण त्या दिवशी मी परशराम अण्णाची गाडी घेऊन गेलतो. खाली उतरून चौथा फोन उचलला तर पलीकडं वैनी न्हवती, गल्लीतला कोणतरी होता. "येळ्ळूर रोडला अण्णा पडला... तू ये." पडला म्हणाला. एवढंच म्हणाला.

निपाणी ते बेळगाव हायवेला मी त्याच्याच गाडीवर आलो. अठरा वर्षांची जुनी मोटरसायकल, पण कुठं खडखड न्हाई, कुठं थरथर न्हाई. एवढी गप चालूलालती की मला माझं रडणं ऐकू येत होतं. प्रत्येक ट्रकमागं ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबायची, आणि दरवेळी मला माझी स्वतःची गाडी आठवायची. का आठवायची ते पुढं सांगतो.

अण्णा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी थोरला. वडगावात पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. साड्या वैनी आणि तो मिळून विणायचे आणि तो गाडीवर बांधून पोचवायचा. रविवारी माग बंद, तेव्हा गाडीची आंघोळ. पाण्याचा पंप कधी लावून दिला न्हाई, "बेरिंगात पाणी जातंय." तांब्यानं पाणी, जुन्या दातब्रशनं चेन, आणि मागावरच्या तुटक्या सुताचा गोळा करून चाकाची एकेक तार पुसायची. पुसताना गाडीशी बोलायचा, बारक्या पोराला न्हाऊ घालावं तसं. "जरा हल की... हं, आता ही बाजू." मी गल्लीत त्याची हुबेहूब नक्कल करायचो, सुताच्या गोळ्यासकट. तो हसायचा आणि म्हणायचा, "माझा आवाज काढतोस, माझ्यागत गाडी कधी पुसणार रं?"

माझी गाडी म्हणजे चिखलाचा गोळा. तिचा मागचा ब्रेक तर वर्षभर मी नुसता नट आवळून ढकलत होतो. आतले लायनर संपत आल्यात हे मला ठाऊक होतं. बदलायला एक सकाळ गेली असती, दुसरं काय न्हाई. ती एक सकाळ मला मिळाली न्हाई.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत एक रीत होती, अण्णानंच पाडलेली. सगळ्यांनी आपापल्या गाड्या सकाळी त्याच्या दारात लावायच्या. तो प्रत्येक गाडीचा ब्रेक पायानं दाबून बघणार. "बोटभर दबला पायजे, त्याच्या खाली गेला न्हाई पायजे." तसं नसलं तर मागचं चाक उघडणार, झाडून-पुसून, आवळून देणार, आणि मगच गाडीला हळद-कुंकू आणि हार. एकदा पूजा झालेली गाडी मात्र त्या दिवशी कोण उघडत न्हाई, हात लावत न्हाई. मी त्याचाच फायदा घेतला. ह्या खंडेनवमीला पहाटेच उठून घरातच हार घातला, लिंबू ठेवला आणि सगळ्यांचं आवरल्यावर मिरवत घेऊन गेलो. अण्णा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"आधीच हार घातलास व्हय रं, चुकार?"

"देवाला घाई झालती अण्णा."

गल्ली हसली. तोपण हसला. लायनर तसेच राहिले.

पुढच्या आठवड्यात निपाणीचा कार्यक्रम. तिथं चिखलाच्या गाडीवर उतरायला मला लाज वाटूलालती, म्हणून सकाळी त्याच्या दारात गेलो. तो साड्यांचा गठ्ठा बांधूलालता, येळ्ळूरला एका लग्नघरी दाखवायला जायचं होतं.

"माझी घेऊन जा. मी तुझ्या गाडीवर जातो," म्हणाला. मग किल्ली हातात धरूनच त्यानं विचारलं, "लायनर बदललास काय?"

न्हाई म्हणालो असतो तर त्यानं तिथंच चाक उघडलं असतं, मला उशीर झाला असता, वर तासभर शिव्या. म्हणून मी आमच्या गॅरेजच्या बसू मेस्त्रीचा आवाज काढला, तोंडात तंबाखू धरून, निम्मं कन्नड निम्मं मराठी. "होसादु हाकेन्री अण्णा! नवीन टाकलोय, चिंती बिडरी, काळजी सोडा!"

अण्णा एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं. हसत-हसतच किल्ली दिली, माझी घेतली. ब्रेक दाबून बघितला न्हाई.

मी पोचायच्या आधीच अण्णा गेलता. उसाचा ट्रॅक्टर आडरस्त्यानं मध्ये आला, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. सगळी गल्ली ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत होती. मीपण घातल्या, सगळ्यात मोठ्यानं. दोन आठवड्यांनी पोलिसांकडनं माझी गाडी सुटली. बसू मेस्त्रीनं मागचं चाक उघडलं आणि आतलं घासलेलं लोखंड बोटानं चाचपत विचारलं, "हे कधी बदललतास?" ज्या माणसाच्या आवाजात मी खोटं बोललो, तोच विचारूलालता.

रस्त्यात अण्णाला कळलं असणार. वळणावर कुठंतरी पाय खाली गेला असणार. तेव्हा तो काय म्हणाला असंल, ते मी रोज ऐकतो... त्याच्याच आवाजात. मला सगळ्यात चांगला येणारा आवाज तोच हाय.

महिन्यानं वैनीला सांगितलं. ती मागावर तुटलेला धागा जोडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, हारापासनं मेस्त्रीच्या आवाजापर्यंत. तिनं वर बघितलं न्हाई.

"कुणाचीबी गाडी दाबून बघितल्याबिगर त्यांनी कधी घेतली न्हाई," म्हणाली.

"व्हय वैनी."

"तुझी घेतली."

गाठ मारून झाली आणि तिनं माग चालू केला. चालू मागापुढं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत न्हाई.

आज हे छापून आलं की गल्लीलाही कळंल. त्या ट्रॅक्टरवाल्यालाही कळावं. त्याच्याकडं जायचं माझं अजून धाडस झालेलं न्हाई.

वैनीला सांगितलं त्याच्या पुढच्या रविवारी मी तसाच जाऊन तिच्या दारात उभा राहिलो. वैनीनं उंबऱ्यावर तांब्या आणि सुताचा गोळा आणून ठेवला. "पूस. किल्ली मिळणार न्हाई," एवढंच बोलली. तेव्हापासनं दर रविवारी जातो. तांब्यानं पाणी घालतो, चेन घासतो, एकेक तार पुसतो. गल्लीतली पोरं म्हणतात, अण्णाचा आवाज काढ की. मी काढत न्हाई. सगळं पुसून झालं की मागचा ब्रेक हातानं दाबतो. अजून बरोबर बोटभरच दबतो. पलीकडनं कोण विचारत न्हाई, तरी सांगतो. माझ्याच आवाजात.

"बघितलो अण्णा. दाबून बघितलो."