सपाट टाकीचा मेस्त्री

लग्नघरी गेला की तो आधी मांडवात जायचा नाही. मागच्या अंगणात केळीची पानं चिरत बसलेल्या बायकांकडे जायचा, टाकून दिलेला जाड देठ उचलायचा, खिशातल्या सुरीने आडवा कापायचा आणि समोर दिसेल त्याच्या नाकाखाली धरायचा.

"भिंती मोजा."

तुम्हीही कधी कापून पाहा. आत बारीक बारीक खण असतात, खणांमध्ये पातळ भिंती, बाकी नुसती हवा. माणसाएवढं पान तो देठ वाऱ्यात पेलतो आणि स्वतःचं वजन म्हणाल तर काही नाही. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून आला तरी हा त्याला देठच दाखवणार. बायका म्हणायच्या, "मेस्त्रीच्या पानात भात नको, देठच वाढा."

माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून इथे 'तो' म्हणते. समोर 'मेस्त्री, तुम्ही' असंच. पगार तो द्यायचा.

तंजावरच्या राजवाड्यामागे आमची एकच गल्ली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तरुणपणी तो सरकारी फवारणीच्या कामावर होता. औषधाचं पाणी आणि दाबून भरलेली हवा अशी पितळेची गोल टाकी पाठीवर घेऊन कावेरीकाठच्या भातशेतांतला चिखल त्याने वीस वर्षं तुडवला. उजवा खांदा कायमचा उतरला. "गोल टाकी पाठीवर बसत नाही, अक्का. मणक्याला एकाच जागी टोचत राहते," असं तो सांगायचा. मग नोकरी सोडली आणि तिरुवैयारुच्या रस्त्याला शेड घातली. एकच गोष्ट करायची ठरवली होती. प्लास्टिकची, हलकी, पाठीला चिकटून बसेल अशी सपाट टाकी. शेतातल्या बाईलाही दिवसभर नेता येईल अशी.

शिकलेल्या माणसांनी सांगितलं, दाबाचं भांडं गोलच लागतं, सपाट केलं की पोट फुगून फुटतं. खोटं नव्हतं ते. अशी अकरा फुटलेली मी या डोळ्यांनी पाहिली. प्रत्येक वेळी तो पुढे वाकून फाटलेली कड बघायचा. "फुटू दे. कळू दे." बाराव्या टाकीत त्याने आतून सहा भिंती घातल्या. प्रत्येक भिंत पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्यालाही धरते आणि मागच्यालाही. दोघांना फुगायला मोकळीकच नाही.

मी तोवर शेडशेजारी अप्पळम, म्हणजे पापड, लाटायची. मला काम हवं होतं, त्याला न थरथरणारा हात हवा होता. भिंतींच्या कडा पत्र्याच्या खाचांतून बाहेर काढायच्या आणि गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिकची काडी वितळवून बाहेरून सांधायच्या, हे माझं काम. त्याआधी प्रत्येक भिंतीला दोन भोकं पाडायची. खालचं पाण्याला, वरचं हवेला. "भिंत धरायला आहे, अडवायला नाही," म्हणून तो रोज सांगायचा. एकदा सांगून भागलं असतं.

दुसरं त्याचं रोजचं वाक्य, "आधी पाणी, मग हवा." नवी टाकी आधी पाण्याने भरून, पंपाने दाब देऊन तपासायची. पाण्यावर फाटली तर माणूस भिजतो. हवेवर फाटली तर माणूस जातो.

त्या वर्षांत बाहेरच्या देशांचा माल दुकानांत येऊ लागला होता. आमच्या शेडचे लोकही म्हणायला लागले, आता तुमची टाकी कोण घेणार? तेवढ्यात फवारे विकणाऱ्या एका कंपनीने मद्रासहून इंजिनियर पाठवला. दाबाचा काटा सहावर जाऊन अर्धा तास टिकला तर कंपनी टाकी घेणार. म्हणजे ती गावोगाव जाणार. मेस्त्रीने त्या दिवशी शर्टाला इस्त्री केली होती.

टाकीत बावीस तांबे पाणी मावायचं. तो नेहमी मोजून ओतायचा. त्या दिवशी इंजिनियर बोलत राहिला आणि हा न मोजता ओतत गेला. बादलीत तीन तांबे उरले. ते ना त्याने पाहिलं, ना मी. काटा दोनवर गेला, तीनवर, चारवर आला आणि टाकी फाटली. सगळे डोक्यापासून भिजलो.

इंजिनियरने चष्मा पुसला. "म्हटलं होतं ना? गोलच लागतं."

मेस्त्री खाली बसून फाटलेल्या पोटात हात घालून बघत होता. शेवटच्या भिंतीला भोकंच नव्हती. पलीकडचा खण कोरडा राहिला, सगळा जोर एका बाजूने आला आणि भिंत उखडली. तो उठला. "चूक माझी. भोकं राहिली."

"खोटं कशाला बोलता?" मी म्हटलं. "भोकं मी पाडते. ती भिंत माझ्या हातची."

इंजिनियर माझ्याकडे वळला. "अम्मा, शिक्षण किती?"

"पाचवी. पण भिजलो सारखेच."

तो मेस्त्रीला म्हणाला, "ही बाई काढा, शिकलेलं माणूस ठेवा, टाकी गोल करा. मग बोलू."

"अक्का राहणार. टाकी सपाटच राहणार," मेस्त्री म्हणाला. "तुम्हाला टॉवेल देऊ?"

जीप गेल्यावर तो मला म्हणाला, "चुकलात अक्का."

"चुकले. तुम्ही तांबे मोजले नाहीत."

"नाही मोजले." त्याने बादलीतलं उरलेलं पाणी तांब्याने मोजलं. "सरि, ठीक. उद्या नवी."

दुसऱ्या दिवसापासून भोक पाडताना निघणारी चकती मी दोऱ्यात ओवू लागले. सहा भिंती, बारा चकत्या. बारा झाल्याशिवाय टाकी बंद करायची नाही. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तशी पहिली टाकी सहावर अर्धा तास टिकली. मग पाणी काढून तिच्यात तीनपर्यंत हवा भरली, वाल्व्हवर लाख ओतली आणि त्याने ती आपल्या घराच्या तिण्णईवर, म्हणजे ओट्यावर, रस्त्याकडे काटा करून ठेवली. इंजिनियरला तीन पत्रं लिहिली, येऊन पाहा म्हणून. कोणी आलं नाही. टाकी तिथेच राहिली. दुपारच्या उन्हात काटा जरा चढायचा, पहाटे उतरायचा. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, जो जाईल त्याला हा हाक मारायचा. "काटा बघून जा!" लोक त्याला टाळायला पलीकडच्या बाजूने चालू लागले. कंपनीने टाकी घेतली नाही ती नाहीच. गावांतल्या बायकांनी मात्र नेल्या, एकीचं बघून दुसरीने.

एका पोंगलनंतर तो गेला. सकाळी शेडचं कुलूप उघडलं आणि तिथेच पडला.

बंगळूरहून मुलगा आला. शेड रिकामी केली, तिण्णईवर आला आणि हवा सोडायला वाल्व्हवरची लाख खरवडू लागला.

"हात काढ," मी म्हटलं.

"मावशी, भंगारवाला थांबलाय."

"थांबू दे."

मी पट्टे खांद्यांत अडकवून टाकी उचलली आणि रस्ता ओलांडून घरी आणली. आठ वर्षं टाक्या केल्या, पाठीवर कधी घेतली नव्हती. बसते. कुठे टोचत नाही.

आता ती माझ्या तिण्णईवर आहे. काटा हळूहळू उतरत एकच्या खाली आलाय. मी पंप मारत नाही. तो असता तर मारू दिला नसता. पण पोट अजून सपाट आहे, पट्टी लावून बघा. आणि पट्ट्याला त्या टाकीच्या चकत्यांचा दोरा बांधलाय.

बारा आहेत. मोजा.