धुक्यातलं 'मला'

भुताखेतांच्या पोस्टवर हसण्याची इमोजी टाकणाऱ्यांतली मी. पेशाने फार्मसिस्ट, पुराव्याशिवाय माझं पान हलत नाही. तरी लिहितेय... दीड वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. आता नवऱ्यासोबत वेल्समध्ये राहते. बाबा पहिल्यांदाच आले होते, म्हणून त्यांना घराजवळच्या एका डोंगरावर नेलं. तिथे फारसं कोणी फिरकत नाही. झाड नाही, देऊळ नाही. नुसतं गवत, मेंढ्या आणि माथ्यावर दगडांचा ढीग.

"हा कायचा डोंगर पोरी? आपल्या चिखलदऱ्यात याले कोणी ढुंकूनबी पाहेत नाही!" बाबा धापा टाकत गवतात बसले.

"बसा तुमी, मी वरतून फोटो काहाडून येते," म्हटलं. दुपारचे दोन वाजलेले. ढिगापाशी पोचले, वळले — आणि धुकं! स्वतःचे बूट दिसेनात. "बाबा! बाबा!" ओरडत सुटले. शुगरचा माणूस, त्यांचा फोन माझ्याच बॅगेत... जीव नुसता टांगणीला लागला.

वीसेक मिनिटांनी धुकं विरलं. बाबा बसल्या जागेपासून बरेच पुढे उभे होते. त्यांच्यासमोर चार पावलांवर गवत संपत होतं आणि खाली सरळ कडा होता. मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं आणि रडायलाच लागले.

"तिकून कोण बलावून राह्यलं होतं मले?" त्यांनी कड्याकडे बोट केलं.

"तिकून? मी तं मांगं होती, बाबा."

"तुहाच आवाज. 'बाबा, मला भीती वाटतेय, इकडे या ना.' निघालो बी मी. मंग थबकलो. म्हटलं, माही पोरगी भेली तं 'मले' म्हणन. हे 'मला' काहून म्हणून राह्यली? हे माही पोरगी नोहे."

गाडीत त्यांची शुगर तपासली. नॉर्मल. नवरा म्हणतो, वाऱ्याचा भास. वारा मराठी बोलतो?

पण माझी झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. नवरा पुण्याचा. लग्नाला सहा वर्षं झाली, 'मले' कधी सुटलं कळलंही नाही. बाबांशी तेवढं आठवणीने वऱ्हाडीत बोलते. घाबरले की तोंडून 'मला'च निघतं. म्हणजे तो आवाज हुबेहूब माझ्यासारखाच बोलत होता. आणि त्या कड्यावर खरंच मी अडकले असते, तरी बाबा असेच मध्ये थबकले असते.

त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.