शुल्क नको म्हणणारे सर

वाद घालायचा असला की आमचे सर आधी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. समोरच्याचा चेहरा धूसर दिसला की त्याला वाईट वाटलेलं कळत नाही आणि बोलायला सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. मग पुढं झुकून ते विचारायचे, "ते सगळं ठीक आहे हो, पण बिल कुणाच्या नावावर?"

सरकारनं अमुक फुकट द्यावं, तमुक बंद करावं, कशावर तरी बंदी आणावी, असं कुणी म्हणालं की हा प्रश्न यायचाच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. फरक एवढाच, की असली माणसं स्वतःवर वेळ आली की हळूच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवतात. सरांनी ते केलं नाही.

चाकण रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं दुचाकीच्या सीटखालच्या लॉकला लागणाऱ्या स्प्रिंगा बनायच्या. आम्ही अठराजण. मी थेरगावहून स्कूटरवर यायची आणि दिवसभर स्प्रिंगा मोजायची, दाबायची, मोडून बघायची. सर मूळचे लातूरकडचे. फिटर म्हणून या भागात आले आणि पुढं स्वतःची शेड टाकली. वर्तमानपत्रातले अर्थकारणाचे लेख ते ब्लेडनं कापून पाण्याच्या पिंपाच्या वर चिकटवायचे. तहान लागली की आयात-निर्यात वाचावीच लागायची. पोरं त्यांना मागून 'खुला बाजार' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

गेटबाहेर चहाची एकच टपरी होती. एक दिवस समोर दुसरी लागली. पहिला टपरीवाला सरांकडे आला, "साहेब, तुमची वरपर्यंत ओळख आहे. त्याची गाडी उचलायला लावा." सरांनी चष्मा खिशात ठेवला. तासाभरानं तो बिचारा बाहेर पडला, तेव्हा त्याला आपण काय मागायला आलो होतो हेच आठवत नव्हतं. पण महिन्याभरात दोन्हीकडच्या चहात आलं वाढलं, ग्लासही मोठा झाला. सर खूश. कुणावर अन्याय नको म्हणून ते दर वेळी दोन्हीकडचा चहा प्यायचे. शेवटी पित्त इतकं खवळलं की डॉक्टरांनी चहाच बंद केला.

"बाजार जिंकला, ताई," कोमट पाणी पीत ते मला म्हणाले, "ग्राहक तेवढा आडवा झाला."

रावेतला त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून रोज भांडणं व्हायची. सरांनी उपाय सुचवला, मोकळ्या जागांचा लिलाव करा. सगळ्यांना पटलं. लिलावात सरांच्या दारासमोरची जागा तीन गाड्या असलेल्या एका गृहस्थांनी घेतली. वर्षभर सरांची गाडी बाहेर रस्त्यावर, झाडाखाली. रोज सकाळी काचेवरची कावळ्यांची घाण पुसताना ते शेजाऱ्यांना सांगायचे, "पद्धत योग्यच होती."

त्यांच्या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांना आम्ही बाई म्हणायचो.

आता खरी गोष्ट सांगते. परदेशातून स्वस्त स्प्रिंगा यायला लागल्या आणि आमच्या पट्ट्यातले स्प्रिंगवाले घाबरले. लघुउद्योजकांच्या संघटनेनं चिंचवडला एका हॉलमध्ये बैठक ठेवली. बाहेरच्या स्प्रिंगांवर जबर आयात शुल्क लावा, असं निवेदन दिल्लीला पाठवायचं होतं. आमच्या शेजारच्या शेडचे मालक आबा आदल्या दिवशी मुद्दाम येऊन बसले. आबा इथल्याच गावातले जुने शेतकरी. जमिनीत एमआयडीसी आली, तसे तेही स्प्रिंगांचे कारखानदार झाले. सरांचे जिवलग दोस्त.

"उद्या सही करायची हाय. भाषान न्हाई करायचं," आबा म्हणाले.

"आबा, मागं स्प्रिंगच्या तारेवर शुल्क लागलं तेव्हा तारवाल्यांनी पेढे वाटले. आपण काय केलं?"

"आपुन बोंबललो."

"मग आता पेढे आपण वाटायचे आणि लॉकवाल्यानं बोंबलायचं? उद्या तो दिल्लीला जाईल. त्याच्यानंतर गाडीवाला. शेवटी गाडी घेणाऱ्या पोराला कोण नेणार दिल्लीला?"

"राव, घर जळाया लागलंय आन् तुमी पाण्याचा भाव इचारताय," आबा म्हणाले आणि उठून गेले.

बैठकीत सरांनी माईक मागून घेतला. चष्मा खिशात गेलेला पाहून मी मान खाली घातली. "मला वाचवायला एवढी मंडळी जमली, आभारी आहे," सर म्हणाले. "पण माझी स्प्रिंग कमी पडत असेल, तर ती सुधारायची मला. गिऱ्हाइकाचे हात बांधून मी चांगला कारागीर कसा होणार?" पुढचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. माईक बंद पडला, की कुणी बंद केला, देव जाणे.

जेवणाच्या वेळी सरांजवळ कुणी फिरकेना. ते ताट घेऊन एकटेच खांबाशी उभे. तेवढ्यात आबा आले, त्यांच्या ताटात दोन पुऱ्या टाकल्या आणि म्हणाले, "भांडान हायेच. श्रीखंड बरं हाय, खावा."

दोनच महिन्यांत ती वेळ आमच्यावर आली. चाकणच्या ज्या कंपनीला आमचा निम्म्याहून जास्त माल जायचा, तिथल्या खरेदी अधिकाऱ्यानं टेबलावर दोन स्प्रिंगा ठेवल्या. एक आमची, एक बाहेरची, आणि यापुढं बाहेरचीच घेणार म्हणाला. सरांनी बाहेरची मागून आणली. मी दोन्ही मशीनवर लावल्या. मशीन स्प्रिंग दाबतं, सोडतं, ती तुटेपर्यंत. आमची आधी तुटली.

"ताई, खरं सांगा."

"त्यांची बरी आहे, सर."

ते मला घेऊन तसेच कंपनीत गेले आणि त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "तुम्ही योग्यच करताय. स्वस्त आहे आणि चांगलीही आहे. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं." इतका गोंधळलेला खरेदी अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही. त्यानं घाईघाईनं आमच्यासाठी सामोसे मागवले.

परतताना चाकणच्या चौकात ट्रकांमध्ये आमची गाडी अर्धा तास अडकली. सर स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"तत्त्व बरोबर आहे," ते म्हणाले. समोरचा ट्रक जरा सरकला, तेव्हा पुन्हा म्हणाले, "पण लई वाईट वाटालंय हो ताई."

त्यांनी एकालाही कामावरून काढलं नाही. स्वतः घरी काही नेईनात. सहा-सात महिने त्यांचं घर बाईंच्या पगारावर चाललं. आबांनी एकदा त्यांच्या डब्यात डोकावून म्हटलं, "सरकार नगं म्हनता, आन् भाजी सरकारी पगाराची!"

सर चावायचे थांबले. खूप विचार केला. "हा मुद्दा मान्य करावा लागेल," म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

त्या महिन्यांत आम्ही दोघांनी अक्षरशः पोतंभर स्प्रिंगा तोडल्या. भट्टीची आच बदलली, वेळ बदलली, तार बदलून पाहिली. बाहेरची ती स्प्रिंग सरांनी टेबलावर वाटीत ठेवली होती. तिला ते 'गुरुजी' म्हणायचे. एके दुपारी मशीनवर गुरुजी आधी तुटले. सर पळत गेटबाहेर गेले आणि डॉक्टरांना न जुमानता दोन्ही टपऱ्यांवरचा चहा प्याले.

आणि त्याच महिन्यात शुल्क लागलं! बाहेरचा माल महागला. पट्ट्यात पेढे वाटले गेले. चाकणच्या कंपनीनं सरांना बोलावलं. आबांनी भाव लगेच वाढवला होता आणि सरांनाही तसंच करायला सांगितलं होतं. सरांनी शुल्क लागण्याआधीचा, बाहेरच्या मालाचा भाव सांगितला.

ऑर्डर परत आमच्याकडं आली आणि आबा तणतणत आले. "आमाला मारायला निघालाय व्हय?"

"आबा, ही स्प्रिंग मी त्या भावात बनवू शकतो. जास्तीचे पैसे घेतले तर ते माझ्या मेहनतीचे नाहीत."

"मग कुनाचे हायेत?"

"सीटवर बसणाऱ्याचे."

आबा वर्षभर बोलले नाहीत. हे सरांना ऑर्डर गेली होती त्यापेक्षा जास्त लागलं. जेवताना ते डबा उघडून शेजारच्या शेडकडं बघत बसायचे. मी एकदा म्हणाले, "सर, तुम्हीच जा ना." ते म्हणाले, "जातो की. पण भाव नाही वाढवणार." आणि गेले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सगळ्यात जवळचं म्हणून महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. मी भेटायला गेले तर म्हणाले, "डॉक्टर उत्तम आहे, ताई. सरकारी असला तरी उत्तम ते उत्तम." पलंगाशी स्टुलावर आबा बसले होते, सरांच्या पायावर हात ठेवून. सर भाव सोडून सगळ्या विषयांवर बोलत होते आणि आबा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सर गेले.

शेड विकायची का, असं आबांनी बाईंना विचारलं. बाई नाही म्हणाल्या. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पंधराव्या दिवशी कामावर आल्या. हातात नवी वही. आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि नावं पुकारून हजेरी घेतली. मिसरूड फुटलेली, टक्कल पडलेली सगळी माणसं शाळेत असल्यासारखी 'हजर, बाई' म्हणाली. आबा कुंपणापलीकडून बघत होते. अठरावं नाव माझं. मीही हजर म्हणाले. बाई वहीवर पेन टेकवून क्षणभर तशाच थांबल्या, आणखी एक नाव राहिल्यासारख्या. मग वही मिटून म्हणाल्या, "चला, भट्टी लावा."