आईचे गुरुवार

आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर आई घरी आली, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, की जखम भरायला आणि जंतूंशी लढायला शरीराला प्रथिनं लागतात, दिवसभर थोडं थोडं खाऊ घाला. आई डाळ, पनीर, सगळं मुकाट्याने खायची. गुरुवारी मात्र तिने वाटी सरकवून दिली. ऑपरेशन पार पडलं तर कडक गुरुवार करीन, असं ती देवाला बोलली होती.

तेव्हा टाक्यांच्या एका कडेतून पाणी येत होतं आणि तिला बारीक ताप होता.

"अगं, देव काय तुझं वजन करायला बसलाय?" बाबा चिडले. "आधी बरी हो, मग कर उपास."

"तुम्ही मध्ये पडू नका. बोललेलं फेडावं लागतं."

परराज्यात वाढल्यामुळे मला भांडायला मराठी पुरत नाही. मी वाटी उचलून तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, "तुझे गुरुवार मी करते."

तिने घासासाठी तोंड उघडलं.

जखम हळूहळू भरली. आता आई एकटी बाजारात जाते. मी दर गुरुवारी व्हाइटफील्डच्या ऑफिसात उपाशी बसते. देवावर माझा तसा विश्वास नाही. पण एकदा विसरून बिस्किट तोंडात घातलं आणि लगेच घरी फोन केला, आईला ताप तर नाही ना, म्हणून. किती गुरुवार, हे ती कधी बोललीच नव्हती, आणि तिला विचारायचं मला धाडस होत नाही.